थुजाच्या पानांचं तेल चामखिळीवर थेट लावावं का?

प्रश्न: थुजा या सूचीपर्णी झाडाच्या पानांचं तेल आणलंय, बाटलीवर 'सीडर लीफ' लिहिलंय. सर्दीत दोन थेंब पोटात घेतले तर चालेल का?

उत्तर १: पोटात अजिबात नको. या तेलात साधारण निम्म्याहून जास्त थुजोन हे विषारी द्रव्य असतं. ते मेंदूतल्या गाबाचं (मेंदू शांत ठेवणाऱ्या रसायनाचं) काम अडवतं, म्हणून फिट येते. चुकून गिळलं तर उलटी काढू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. फिट येणारे, गरोदर बायका, लहान मुलं यांनी लावूसुद्धा नये.

उत्तर २: नावाचा घोळ इथेच होतो. सीडरवुड म्हणजे लाकडाचं तेल, देवदाराचं वगैरे. त्यात थुजोन नसतं. लेबलवर 'थुजा ऑक्सिडेंटालिस' दिसलं तर ते पानांचं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी पानांचा काढा पीत, पण काढा वेगळा आणि ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल वेगळं.

उत्तर ३: चामखिळीवर निव्वळ तेल लावलं की भोवतालची कातडी भाजते, चामखीळ मात्र तशीच राहते! लावायचंच तर ३० मिली खोबरेल तेलात एकच थेंब, आधी कोपराच्या आत लावून २४ तास थांबा. चेहरा, गुप्तांग नको. होमिओपॅथीच्या थुजा ३०च्या गोळ्यांशी याची गल्लत करू नका.