वुल्फ्रॅम अल्फा आणि कापरेकरांचा ६१७४

२४ मे २००९

सप्रेम नमस्कार मंडळी,

सध्या सुट्टीवर ठाण्यात, माहेरी आहे. भाचरं दिवसभर घरीच, त्यामुळे याच महिन्यात सुरू झालेलं वुल्फ्रॅम अल्फा हे संकेतस्थळ त्यांच्यासोबत भरपूर वापरून पाहिलं. १९८८ साली मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर आणणाऱ्या स्टीफन वुल्फ्रॅम यांचंच हे काम. गूगल पानांची यादी पुढे करतं. हे स्वतःकडच्या माहितीवरून उत्तर काढून देतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती तारीख टाकली, १६ एप्रिल १८५३. वार शनिवार! एक्स वर्ग गुणिले साइन एक्सचं इंटिग्रेशनही लगेच हजर. बारावीतला भाचा बघतच राहिला.

एक आवर्जून सांगते. आपला प्रश्न त्याला काय कळला, हे उत्तराच्या वर लिहिलेलं असतं. आधी ते वाचायचं. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर ते एक धरतं आणि दुसरा निवडायची सोय देतं. मुलं थेट आकड्यावर उडी मारतात. प्रश्न इंग्रजीत विचारावा लागतो, मराठी त्याला कळत नाही.

आपल्या रविवारच्या शाळेत घेऊ या का?

— शाळेची ताई, मुक्काम नौपाडा

ताई, नमस्कार.

तारखा, भूगोल यासाठी जरूर घ्या. गणिताला नको. पोरांचे पाढे आधीच कच्चे, त्यात आयतं उत्तर मिळालं की हातचा धरायलासुद्धा विसरतील. आठवीपर्यंत तरी कागद-पेन्सिलच हवी, असं माझं ठाम मत आहे.

— काका

काका,

पाढ्यांचं अगदी पटलं. म्हणूनच मला कापरेकरांचा खेळ घ्यायचाय. गणिती द. रा. कापरेकर डहाणूचे, शाळा ठाण्यात, पुढे देवळालीला मास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ६१७४च येत राहतो. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तो येतोच. काल धाकटीचा ६१७४ काही केल्या येईना, तेव्हा तिनं आपणहून मागे जाऊन चुकलेला हातचा शोधला. अल्फावर फक्त ताळा पाहिला.

पाच अंकांना मात्र असा एक आकडा सापडत नाही, संख्या चक्रात फिरत राहतात. मोठ्या मुलांनी ती चक्रं शोधताना वजाबाक्या अल्फाकडून करून घेतल्या तर चालेल ना? परत आले की पहिल्या रविवारी हे मी घेते. पाढे तुम्ही घ्या.

— ताई