२००७ ची राष्ट्रपती निवडणूक: म्हणे अख्ख्या महाराष्ट्राने मत दिलं

भीमाकाठ
आमच्या शाळेच्या गटावर काल एकाने लिहिलं, "२००७ ला अख्ख्या महाराष्ट्राने पक्ष विसरून आपल्या लेकीला राष्ट्रपती केलं. पहिल्यांदाच मराठी माणूस उभा होता." त्यावर नमस्कारांचा पाऊस. मला गप्प बसवेना, म्हणून इथे लिहितोय.

अख्खा महाराष्ट्र कुठून आला? २००४ ला भाजपचे ५४ आमदार निवडून आले होते आणि त्यांचा पक्ष भैरोसिंह शेखावतांच्या मागे होता. काँग्रेस-राष्ट्रवादीची मतं प्रतिभाताई पाटलांना, कारण त्या आघाडीच्याच उमेदवार. त्या तमिळ असत्या तरी ती मतं मिळालीच असती. उरली शिवसेना. रालोआत, म्हणजे भाजपच्या आघाडीत, राहून बाळासाहेबांनी मराठी म्हणून पाठिंबा दिला, एवढंच काय ते वेगळं घडलं. एका पक्षाच्या निर्णयाला राज्याचा कौल कसं म्हणायचं? मत देतात आमदार-खासदार, तुमच्या-माझ्या बोटाला शाई तरी लागली होती का?

तापीकाठची
दादा, मी मुक्ताईनगरकडची. ताई आमच्या आमदार होत्या, तेव्हा एदलाबाद म्हणायचे. माझ्या आजीला चौथीतून काढून चुलीपुढे बसवलं होतं. निकालाच्या दिवशी तिने शेजारपाजारी साखर वाटली. तिला रालोआ माहीत नव्हती. १९८९ पासूनची युती पणाला लावून कुणी आमच्या बाईच्या पाठीशी उभं राहिलं, हे आम्ही विसरणार नाही. सगळ्यात हिशेबच बघायचा का?

भीमाकाठ
आजींच्या आनंदाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण २००२ ला याच शेखावतांनी उपराष्ट्रपतिपदाला सुशीलकुमार शिंदेंना हरवलं. शिंदे सोलापूरचे. तेव्हाही सेना रालोआतच होती, त्या वेळी युती का पणाला लागली नाही? २०१२ ला राष्ट्रपतिपदासाठी भाजप पी. ए. संगमांबरोबर आणि सेना प्रणवदा मुखर्जींबरोबर. प्रणवदा काय कोल्हापूरचे होते? सेनेला भाजपला आपली किंमत दाखवायची होती. राजकारणच होतं ते.

वऱ्हाडी माणूस
ताई, तुमचं माहेर धरून चाललंय. सासर अमरावतीचं. १९९१ ला त्यांना लोकसभेत आम्ही पाठवलं. विदर्भाचं नाव घ्यायची वेळ आली की सगळ्यांना विसर पडतो, मग तो अनुशेष असो की राष्ट्रपती.

कुलाबकर
मूळ पोस्टमधल्या "पहिल्यांदाच मराठी माणूस" या वाक्यावर कुणीच बोललं नाही, याचं मला वाईट वाटतं. १९६९ ला चिंतामणराव देशमुख उभे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ ला अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस. आमच्या कुलाब्याचा, म्हणजे आताच्या रायगडचा, खासदार. तो तिसरा आला. तेव्हा विधानसभा काँग्रेसच्या हातात होती. लेक दिसली, मग हा मुलगा नव्हता का?

सातारी
काका, अर्धी गोष्ट सांगू नका. चिंतामणराव 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाचे आणि जनसंघाचे उमेदवार होते. काँग्रेसचे आमदार त्यांना का मत देतील? त्यांच्यापुढे प्रश्न वेगळाच होता: पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, की इंदिराबाईंच्या मनातले व्ही. व्ही. गिरी. काँग्रेसच्या बंगळूरच्या बैठकीत यशवंतराव चव्हाणांनी रेड्डींच्या बाजूने हात वर केला आणि नंतर बाईंनी सद्सद्विवेकाला स्मरून मत द्या म्हणून सांगितलं. त्या ओढाताणीत चिंतामणराव कुणाच्या हिशेबातही नव्हते.

कुलाबकर
हिशेबात नव्हते, हेच दुखतंय! माझ्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगावात लाठ्या खाल्ल्या. डावा खांदा शेवटपर्यंत वर जात नव्हता. ज्याने आपल्यासाठी खुर्ची सोडली त्याला तेरा वर्षांत विसरलात, हे ते जेवताना बोलायचे. यशवंतरावांचं काही सांगू नका मला.

सातारी
वडिलांना नमस्कार. पण यशवंतरावांवर तोंडसुख घेणार असाल तर ऐकून घेणार नाही. मंगलकलश कुणी आणला? तेव्हा त्यांना शिव्या दिल्या, आजही तेच चाललंय.

गणिताचा मास्तर
भांडा, पण आकडे घेऊन. १९६९ ला पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. गिरींना निम्मी मतं नव्हती, म्हणून दुसरी पसंती मोजली. देशमुखांच्या मतदारांची बरीचशी पसंती रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निघाले. म्हणजे ते हिशेबात होते, निकाल जवळजवळ त्यांच्या मतांनीच फिरवला होता.

आणि २००७ बद्दल: मतदान गुप्त, पक्षादेश चालत नाही. कुठल्या आमदाराने काय केलं हे छातीठोकपणे कुणी सांगू नये. माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, २८८ जणांचं मिळून ५०,४००. ते राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं, पण १९७१ च्या आकड्यावर गोठवलंय. पिंपरी-चिंचवड तेव्हा केवढं होतं आणि आज केवढं आहे, विचार करा.

वऱ्हाडी माणूस
मास्तर, नवी लोकसंख्या धरली तर ज्यांनी कुटुंब नियोजन पाळलं त्यांनी शिक्षा भोगायची का? १९७१ च बरोबर आहे.

तापीकाठची
बरं, "अख्खा" हा शब्द चुकीचा, आणि उमेदवार पहिली नव्हे. निवडून आलेली पहिली, हे तरी कुणी नाकारू नका. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. आणि दादा, सेनेने राजकारण केलं असेल तर केलं. त्या राजकारणातून राष्ट्रपती भवनात आमच्या भागातली बाई गेली.

भीमाकाठ
निवडून आलेली पहिली, हे मान्य. पण सेना भाजपबरोबर गेली असती तरी ताई जिंकल्याच असत्या. फरक तीन लाखांहून जास्त आणि आपल्या सगळ्या आमदारांची मिळून मतं ५०,४००. महाराष्ट्राने राष्ट्रपती केलं हे म्हणणं आकड्यातही बसत नाही.

कुलाबकर
चिंतामणरावांवर वेगळा धागा काढतो. सातारी, तिथे या. यशवंतरावांबद्दल जे बोललो ते तिथेही बोलेन.