जुना डिझेल पिकअप घरीच दुरुस्त करायचा आहे: सुरुवात इंजिनापासून की चॅसीपासून?

मोकळा_पाना:

नमस्कार. काकांनी बाजूला लावून ठेवलेला एक जुना डिझेल पिकअप माझ्याकडे आला आहे आणि तो बरीच वर्षे शेडमध्ये एकाच जागी उभा आहे. इंजिन चार सिलिंडरचे, अडीच लिटरचे, बिनटर्बोचे आहे. डिझेल पंप रोटरी आहे आणि टायमिंगला (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला) बेल्ट आहे. गाडीत संगणक नावाची वस्तू कुठेच नाही, म्हणूनच हे काम घरी करण्याचे धाडस करतो आहे. उभी केली तेव्हा गाडी चालू होती असे घरचे सांगतात. टाकीत थोडे जुने डिझेल शिल्लक आहे, ब्रेकचे पेडल सरळ तळाला जाते, मागचे एक चाक हलतच नाही, हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत पत्र्याला आरपार भोके पडली आहेत आणि दारांच्या खालच्या कडा बोटाने दाबल्या तरी पोपडे सुटतात.

माझ्याकडे पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक, चार घोड्या (गाडी टेकवण्याचे स्टँड) आणि लहान मिग वेल्डिंग मशीन आहे. वेळ फक्त सुट्टीच्या दिवशी मिळतो. एक मित्र म्हणतो की नवी बॅटरी लाव, सेल्फ मार आणि इंजिन बोलते का ते पाहा. दुसरा म्हणतो की आधी सगळी गाडी खोलून चॅसी उघडी कर. पहिल्यांदा इंजिन चालू करण्यापूर्वी नेमके काय पाहावे, आणि केबिन चॅसीवरून उचलणे खरोखर आवश्यक असते का, हे जाणकारांनी सांगावे.

नोझलवाला:

पहिल्या मित्राचा सल्ला कृपया मानू नका. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यातून दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा इंजिनाला सेल्फच्या जोराने फिरवले तर रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडे उठतात. शिवाय बेल्ट जुना आहे. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर हेडपासूनचे अंतर सहसा एक मिलिमीटरच्या आसपासच असते, त्यामुळे बेल्टचे दात सुटले की व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा. गाडी किती किलोमीटर चालली याचा येथे काही संबंध नाही. रबर वयानेही मरते. बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि त्याच झाकणाखालचे ऑइल सील हे सगळे इंजिन सुरू करण्याआधीच बदलावे, नंतर नव्हे.

चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) काढून प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ तेल सोडा आणि काही दिवस विसरून जा. प्लग काढताना घाई केली तर ते हेडमध्येच तुटतात, म्हणून आधी सांध्यावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबा. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब पाना लावा आणि इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका. थोडे मागे, थोडे पुढे, पुन्हा तेल, पुन्हा प्रतीक्षा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाल्यावरच सेल्फचा विचार करा, आणि तोही प्लग बाहेर ठेवूनच, म्हणजे साचलेले तेल भोकांवाटे बाहेर उडेल. ही पायरी वगळू नका. तेल दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये ते जास्त राहिले आणि प्लग बसवून सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

जुने डिझेल पूर्ण काढून टाका आणि टाकी उतरवाच. तळाशी साचलेल्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते, तिचा काळपट चिकट थर फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि गाडी रस्त्यावर दहा मिनिटे चालून बंद पडू लागते. मग लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात. टाकी आतून गंजली असेल तर जस्ताचा मुलामा असलेले काहीही आत वापरू नका, कारण जस्त आणि डिझेल यांच्या प्रक्रियेतून साबणासारखा पदार्थ तयार होऊन तो नोझलमध्ये अडकतो. रिकाम्या डिझेल टाकीला घरी वेल्डिंग तर अजिबात करू नका. डिझेल सहज पेट घेत नाही हे खरे असले तरी बंद टाकीत वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, आणि ती वाफ स्फोटाला पुरेशी असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या नळीचे तोंड उघडे ठेवा आणि त्यापेक्षा मोठी, सपाट, जाड प्लायवूडची फळी हातात घेऊन एक माणूस शेजारी उभा करा. डिझेल इंजिनाला बंद करण्यासाठी इंधन तोडावे लागते. पंपाचा आतला भाग अडकला किंवा इंजिन स्वतःचेच तेल ओढू लागले, तर किल्ली फिरवून काही होत नाही आणि इंजिन तुटेपर्यंत वेग घेत राहते. गिअर टाकून क्लच सोडून बंद पाडायला आपल्याकडे आज ब्रेक नाहीत. तेव्हा हवा बंद करणे एवढाच उपाय उरतो. फळीच वापरा; कापड आत ओढले जाते आणि हात ठेवला तर बोटे जातात.

पत्रा_आणि_गंज:

इंजिनाबद्दल वर लिहिलेले सगळे मान्य आहे, क्रम मात्र मान्य नाही. नव्या बेल्टवर आणि फिल्टरवर हात घालण्यापूर्वी एक अर्धा दिवस चॅसीखाली घालवावा, कारण इंजिन कितीही बिघडले तरी ते दुरुस्त होते किंवा बदलता येते, चॅसी गेली तर गाडीच गेली.

गाडी घोड्यांवर घ्या. फक्त जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. मग लहान हातोड्याने चॅसीच्या दोन्ही दांड्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभर अंतराने टोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि हातोडी उसळते. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो आणि हातोडी रुतल्यासारखी वाटते. बंद पेटीसारख्या दांडीत गंज आतून लागतो, त्यामुळे बाहेरचा रंग शाबूत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) पुढचे हँगर, मागच्या चाकांवरून चॅसी वर वळते तो भाग, पुढचे सस्पेन्शन जोडलेल्या जागा आणि केबिनचे रबरी माउंट या ठिकाणी दुप्पट वेळ द्या. दांडीच्या तळाला जी लहान भोके असतात ती पाणी निघून जाण्यासाठी दिलेली असतात. चिखलाने बुजलेल्या प्रत्येक भोकाच्या आसपास कूज सापडण्याची शक्यता जास्त.

केबिन उचलण्याबद्दल माझे मत असे आहे की जोवर माउंटखालचा चॅसीचा भाग कुजलेला नाही, तोवर उचलू नये. केबिन सुटी केली की ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, स्टिअरिंगचा दांडा, हीटरचे होज असे सगळेच सुटते, आणि घरी केलेली बहुसंख्य कामे अर्धवट राहतात ती नेमकी याच टप्प्यावर. हौदा मात्र जरूर उतरवा. तो मोजक्या बोल्टांवर असतो, चार माणसांत उचलला जातो आणि त्याखाली चॅसीचा सर्वांत कुजणारा भाग उघडा पडतो. दारांखालचा पत्रा कापणार असाल, तर केबिन चॅसीवर बसलेली असतानाच कापा आणि त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करून ठेवा, नाहीतर चौकट तसूभर आत येते आणि मग दार कधीच नीट बसत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि आल्टरनेटरच्या वायरी काढा. दारांचा पातळ पत्रा सलग ओढू नका. थोड्या थोड्या अंतरावर टाके घाला, थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. पुट्टी हा भोके बुजवण्याचा पदार्थ नव्हे, हे लिहावे लागू नये, पण लिहितो.

तिसरा_गिअर:

दोघांनीही सांगितले आहे, तरी एक भर घालतो. खोलण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावा. यू बोल्ट, इंजेक्टरखालचे (नोझलखालचे) वॉशर आणि ऑइल सील पुन्हा वापरू नयेत.

मोकळा_पाना:

सर्वांचे मनापासून आभार. आधी चॅसी वाजवून पाहिली. डाव्या मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ हातोडी आत गेली, साधारण तळहाताएवढा भाग कुजलेला आहे, बाकी दांड्या खणखणीत आहेत. इंजिन तेल मुरल्यानंतर हाताने मोकळे फिरले, बेल्टचे काम झाले आणि डिझेलचा कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) उसना आणून थंड इंजिनावर मोजणी केली: २७, २८, २१ आणि २७ बार. तिसऱ्या सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून पुन्हा मोज, आकडा वाढला तर रिंगा गेल्या असे समज, असा सल्ला मिळाला आहे. दुसरे म्हणजे पंपाच्या अॅक्सिलरेटरच्या लिव्हरखालून डिझेल पाझरताना दिसते. पंप घरीच खोलून सील बदलावे का?

नोझलवाला:

तेल घालून मोजण्याची पद्धत पेट्रोल इंजिनाची आहे, डिझेलला ती फसवते. तुमच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ६२५ घन सेंटिमीटर धरा. अशा इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण साधारण २१ ला १ असते, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा फक्त ३१ घन सेंटिमीटरच्या आसपास. त्यात ५ मिलिलिटर तेल ओतले की उरलेली जागा २६ वर येते आणि प्रमाण २५ च्या जवळ पोहोचते. रिंगा ठणठणीत असोत वा झिजलेल्या, आकडा वाढणारच. त्यापेक्षा तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (मोकळीक) तपासा. उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा बसतो आणि इंजिन काही तास चालल्यावर तो झडून आकडा आपोआप सुधारतो, असे अनेकदा घडते. म्हणून आज हेड उतरवू नका. इंजिन गरम करून, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर पुन्हा मोजा आणि तेव्हाही फरक ५ बारच्या वर राहिला तरच पुढचा निर्णय घ्या.

पंपाचे पाझरणे अपेक्षितच होते. जुन्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे. ते काढून टाकण्याच्या प्रक्रियेत इंधनाची घडण बदलते आणि जुनी नायट्राइल रबराची सील आकसतात. अमेरिकेत १९९३ मध्ये रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमधील गंधक ५०० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ५०० भाग) उतरवले, तेव्हा जुन्या पंपांच्या गळतीच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. आज अनेक देशांत ही मर्यादा १० ते १५ पीपीएम आहे. उपाय म्हणजे व्हायटॉनची (इंधनाला टिकणाऱ्या रबराची) सील. लिव्हरखालचे सील पंप गाडीवर असतानाच बदलता येते, मात्र वरचे झाकण उघडण्यापूर्वी लिव्हरची तिच्या दांड्यावरची जागा खुणेने पक्की करा, कारण एक दात इकडेतिकडे झाला तरी आयडलिंग जागेवर राहत नाही. त्याच्या आत मात्र जाऊ नका. प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातील मोकळीक काही मायक्रॉनची असते आणि ते एकमेकांच्या जोडीनेच घासून बसवलेले असतात. आतले काम निघाले तर पंपाच्या कडेवर आणि इंजिनावर समोरासमोर रेघ मारून पंप उतरवा आणि टेस्ट बेंच असलेल्या पंप कारागिराकडे द्या.

हेही लक्षात असू द्या की रोटरी पंपाचे वंगण म्हणजे डिझेलच. त्यामुळे सेल्फ मारण्याआधी हातपंपाने फिल्टर आणि पंप डिझेलने भरून घ्या, नंतर नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून तेथून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. यावेळी तोंड किंवा हात नोझलच्या फवाऱ्यासमोर नेऊ नका. शंभर बारच्या वरचा फवारा कातडीच्या आत शिरतो, बाहेर फक्त सुईएवढी खूण दिसते आणि तरीही ती शस्त्रक्रियेची आणीबाणी असते.

पत्रा_आणि_गंज:

हँगरच्या जागी गंजावर पट्टी मारू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, चॅसीच्या मूळ जाडीचाच तुकडा घ्या आणि त्याची टोके चौकोनी न ठेवता तिरपी कापा, म्हणजे वेल्डची रेघ दांडीला सरळ आडवी जाणार नाही. आडव्या रेघेवरच चॅसीला तडा जातो. कापण्यापूर्वी मागचा ॲक्सल वेगळा टेकवून पाट्यावरचा भार काढून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या हँगरांमधली तिरकी अंतरे टेपने मोजून लिहून ठेवा. वेल्डिंगनंतर आतल्या पोकळीत मेण फवारायचे. वेल्ड होण्याआधी फवारले तर ते पेटते.

अडकलेल्या मागच्या चाकाचे ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, कारण त्या काळातील लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. पाण्याने भिजवून पुसून काढा. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि लवचिक होज बदलाच. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, आतून फुगलेला असतो आणि दाब सुटू देत नाही, म्हणून पेडल सोडल्यावरही चाक धरलेले राहते. डिझेलला पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल नसल्याने ब्रेकच्या बूस्टरला लागणारी पोकळी वेगळा व्हॅक्यूम पंप तयार करतो. अनेक गाड्यांत तो आल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला असतो, आणि त्याला तेल देणारी बारीक नळी गळकी असेल तर आधी पंप जातो आणि मग पेडल जड होते.

मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत गेलेली सळई किंवा स्प्रिंग तुम्हाला दिसेल. हौद्यातील ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा तो व्हॉल्व्ह आहे आणि इतकी वर्षे उभ्या गाडीत तो बहुधा जाम असतो. नवे पाटे घालून गाडीची मागची बाजू उंच झाली, तर त्याला हौदा कायम रिकामाच आहे असे वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्यांचे काम संपले की त्या सळईची लांबी गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावून घ्या आणि त्यानंतरच गाडी शेडबाहेर काढा.