मदत हवी आहे: पित्ताशयातल्या खड्यांची कळ, घरगुती उपाय सांगा (तातडीचं)

घाईत_आहे (सायं. ७:१२)
पित्ताशयात खडे आहेत. कळ थांबत नाहीये, मधूनमधून उलटी. पित्ताची गोळी देऊन झाली, सोडा देऊन झाला, काडीचा फरक नाही. सध्या ऑपरेशन शक्य नाही, तो सल्ला कृपया नको. कळ थांबेल असा घरगुती उपाय कुणाला माहीत असेल तर सांगा. लवकर.

कोकणी_फणस (७:१९)
कुळथाचं कढण. मूठभर कुळीथ रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून ते पाणी प्यायचं. बरोबर पानफुटीची दोन पानं अनशापोटी. माझा सात मिमीचा खडा असाच पडला. आणि आजच्या रात्रीपुरती एक थंड बिअर मारा, सगळं धुऊन निघेल.

घाईत_आहे (७:२३)
बिअर कसली? आईला त्रास होतोय हो, मला नाही. नवरात्राचे उपवास चालू आहेत तिचे.

सांगलीकर_ताई (७:२८)
फणसराव, तुमचा तो मुतखडा होता. इथे पित्ताशय चाललंय. पित्ताशयाचा आणि लघवीचा रस्ताच वेगळा, कितीही कुळीथ प्या. शिवाय मुतखडा पडला की माणूस सुटतो, पित्ताशयातला खडा बाहेर पडला की तो पित्तनलिकेत उतरतो. तिच्या तोंडाशीच स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. तिथे अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. हा खडा 'पाडायचा' नसतो.

कोकणी_फणस (७:३१)
खडा तो खडा. आमच्याकडे आजोबांपासून हेच चालत आलंय, कुणी पोट फाडून घेतलं नाही.

रात्रपाळी (७:३६)
सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. घाईत_आहे, आधी हे सांगा: आईंचं वय? साखर, बीपी? सोनोग्राफी कधीची आणि त्यात काय लिहिलंय? ही कळ नेमकी केव्हा सुरू झाली? ताप किंवा थंडी वाजून आली का? डोळे, लघवी पिवळी? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

घाईत_आहे (७:४१)
वय ६३. सोनोग्राफी मागच्या वर्षीची: मल्टिपल कॅल्क्युली, म्हणजे बरेच खडे, मोठ्यात मोठा ९ मिमी. मी पुण्यात, आईबाबा बार्शीला. बाकीचं बाबांना फोन करून विचारतो. तोवर काय द्यायचं ते तरी सांगा ना कुणी.

आजीचा_बटवा (७:४४)
ऑलिव्ह तेल अर्धी वाटी, तेवढाच लिंबाचा रस, रात्री झोपताना एका दमात. आधी दिवसभर सफरचंदाचा रस. माझ्या जाऊबाईंचे चाळीसेक हिरवे खडे पडले सकाळी. बरणीत ठेवलेत, फोटो हवा तर टाकते.

पुरावा_कुठाय (७:५२)
फोटो नको! ते खडे नसतात. लिंबू-तेलाचं पोटात जे होतं त्याचे साबणासारखे गोळे बनतात. अशाच एका बाईंचे 'खडे' तपासल्याचं 'लॅन्सेट'मध्ये २००५ साली छापून आलंय. त्यात कोलेस्टेरॉलचा पत्ता नव्हता, सगळी तेलातली आम्लं. गरम केल्यावर वितळले. जाऊबाईंची सोनोग्राफी केली का नंतर?

आजीचा_बटवा (७:५५)
सोनोग्राफीची गरजच काय, त्रास थांबला ना. प्रत्येक गोष्टीला कागद लागतो तुम्हा लोकांना.

रात्रपाळी (७:५९)
ताई, वाद नंतर घाला, पण आज त्या बाईंना तेल अजिबात नको. चरबी पोटात गेली की पित्ताशय आवळतं, आणि तोंडाशी खडा असेल तर तीच कळ. म्हणून तर तळलेलं खाल्ल्यावर उठते. सध्या इतकंच करा: खाणं बंद, उलटी नसेल तर पाण्याचे घोट, गरम पाण्याची पिशवी बरं वाटत असेल तर. ओवा, हिंग, जिरं यांनी वारा सरेल, खडा हलायचा नाही. दुखण्याची गोळी आधी डॉक्टरांनी दिलेली असेल तीच, मनाने नवी नको.

जुना_गिरगावकर (८:०३)
आमच्या वहिनींचं १९८४ साली झालं तेव्हा बरगडीखाली वीतभर चिरलं होतं, महिनाभर वाकून चालत होत्या. डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्ये जे. जे. मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. आता चार भोकं पाडतात आणि एकदोन दिवसांत घरी. लोक अजून वहिनींच्या काळातल्या ऑपरेशनला घाबरतात.

मिसळप्रेमी (८:०६)
पित्ताशय काढल्यावर तर्री चालते का? एका मित्रासाठी विचारतोय.

सांगलीकर_ताई (८:०८)
मित्राला सांगा, थोडे दिवस सांभाळायचं, मग बहुतेकांना चालते. पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत फक्त साठतं. पिशवी गेली की थेट आतड्यात जातं.

न्यूजर्सीचा_बंड्या (८:११)
इकडे याच ऑपरेशनच्या बिलात तिकडे गाडी येईल. भारतात असाल तर नशीबवान आहात.

वाटसरू (८:१४)
माझ्या काकांना कित्येक वर्षं खडे आहेत, एक दिवस दुखलं नाही. उगाच घाबरवू नका. उर्सोच्या गोळ्या घ्या, विरघळतात.

पुरावा_कुठाय (८:१९)
काकांचे मुके खडे. ज्याला दुखतच नाही त्याला बहुतेकदा कापतही नाहीत. एकदा कळ येऊन गेली की हिशोब बदलतो. उर्सोने विरघळतात ते फक्त कोलेस्टेरॉलचे लहान खडे, तेही पित्ताशय नीट काम करत असेल तर, आणि सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या खाऊन. थांबवल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना परत होतात. आज रात्रीच्या कळीला त्याचा काय उपयोग?

घाईत_आहे (८:२७)
बाबांशी बोललो. काल रात्री साबुदाणावडे आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली, त्यानंतर सुरू झालं. पहाटे जरा थांबलं होतं, सकाळपासून परत. उजव्या बरगडीखाली, पाठीत खांद्यापर्यंत. दुपारी हुडहुडी भरली होती, ती देवीपुढे ओलेत्याने बसली म्हणून असेल असं म्हणतात. लघवी गडद आहे, पाणी कमी प्यायली म्हणून. साखरेच्या गोळ्या सकाळी घेतल्यात, दिवसभर खाल्लं काहीच नाही. आता काय द्यायचं?

रात्रपाळी (८:३०)
काही द्यायचं नाही. आत्ता दवाखान्यात न्यायचं. एवढा वेळ कळ, हुडहुडी आणि गडद लघवी, म्हणजे खडा नळीत उतरून मागे पू होत असण्याची शंका. साखर असलेल्या माणसात हे फार भरभर वाढतं. निघण्याआधी बोटाला टोचून साखर बघा. गोळी घेऊन उपाशी आहेत, उतरलेली असू शकते. कमी निघाली आणि शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्या, उपवास बाजूला ठेवा. जिथे रात्री सर्जन आणि सोनोग्राफी आहे तिथेच न्या. ईसीजीही काढायला सांगा. या वयात, त्यातून मधुमेहात, हृदयाचं दुखणं पोटाच्या वरच्या भागात येतं.

घाईत_आहे (८:३४)
पण आई उठायला तयार नाही. घट बसलेत, नंदादीप अखंड आहे. ऑपरेशनचं दसऱ्यानंतर बघू असं ठरलं होतं. दोनतीन दिवस काही करून ढकलता येणार नाहीत का?

रात्रपाळी (८:३५)
नाही.

सांगलीकर_ताई (८:३७)
माळ आणि दिवा शेजारच्या काकू बघतील. माझ्या सासूबाईंची माळ आमच्या शेजारणीनेच पुरी केली होती, देवीने काही म्हटलं नाही. बाबांना एकटं पाठवू नका, गल्लीतला कुणी तरुण मुलगा बरोबर द्या. जुना रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी तशीच उचलून न्यायला सांगा.

कोकणी_फणस (८:४०)
न्या बाबा न्या. कुळीथ नंतर.

घाईत_आहे (रात्री ११:५०)
दाखल केलं. साखर ६८ होती. डोळे पिवळे आहेत, डॉक्टरांनी दाखवल्यावर बाबांना दिसलं. नळी फुगलीये, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू. ईसीजी ठीक. सकाळी सोलापूरला हलवायचं म्हणतात, तोंडातून दुर्बीण घालून आधी नळीतला खडा काढतील, ईआरसीपी. पित्ताशय त्यानंतर. मी पहाटेच्या गाडीने निघतोय. विम्याचं कुणाला माहीत आहे का? पॉलिसी घेऊन दीड वर्ष झालंय.

जुना_गिरगावकर (११:५८)
पुष्कळ पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षांचा थांबा असतो. तुमची वाचून बघा, कंपनीला रात्रीच कळवून ठेवा. नाही बसलं तर सोलापूरच्या ज्या रुग्णालयात फुले जन आरोग्य योजना आहे तिथे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. रेशन कार्ड आणि आधार बाबांजवळ द्या.

आजीचा_बटवा (रात्री १२:०४)
लवकर बऱ्या होऊ देत. जाऊबाईंना सोनोग्राफी करायला सांगते.

रात्रपाळी (१२:०९)
सोलापूरला दुर्बीण घालणाऱ्यांना रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल आधी सांगायचं, चालू असली तर. नळीचं तोंड थोडं कापावं लागतं.

घाईत_आहे (१२:१२)
इकोस्प्रिन येते का त्यात? रोज रात्री घेते ती.

रात्रपाळी (१२:१३)
येते. थांबवायची की नाही ते ते ठरवतील. बाबांना आत्ता फोन करा.