फौजदारी बचाव आणि घटनात्मक काम: सुरुवात सेशन कोर्टातून की थेट हायकोर्टातून?

सनद_नवी:
सनद मिळाली, वकिलीची पात्रता परीक्षा एआयबीईही झाली. करायचं आहे फौजदारी बचावाचं काम, आणि त्यातही जिथे घटनेचा प्रश्न येतो तेच: बेकायदा अटक, स्थानबद्धता, जामीन, रिट (हक्कभंगाविरुद्ध हायकोर्टातली याचिका). दोन चेंबरकडून होकार आहे. एक जिल्ह्याच्या ठिकाणी, जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) आणि सेशन, रोज रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवण्यासाठीची सुनावणी) आणि चालू ट्रायल. दुसरं हायकोर्टात, क्रिमिनल रिट आणि जामीन अर्ज. कोणी म्हणतं खालच्या कोर्टात पाच वर्षं गेली की माणूस तिथलाच होतो, कोणी म्हणतं ट्रायल न पाहता रिट लिहिणारा कागदी वकील. दोन्हीकडे नेमकं काय शिकायला मिळतं आणि नवखे कुठे चुकतात, ते जाणकारांनी सांगावं. "मेहनत करा, फळ मिळेल" छापाची उत्तरं नकोत.

रोजनामा:
घटनात्मक वकील म्हणजे घटनापीठापुढे युक्तिवाद करणारा, हे आधी डोक्यातून काढा. फौजदारीत अनुच्छेद २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतल्या माणसाचे हक्क) पहिल्यांदा भेटतात ते रिमांडला, दुपारी तीनच्या सुमारास, हवालदार रिमांड रिपोर्टची प्रत द्यायला टाळाटाळ करतो तेव्हा. तिथे जो मुद्दा कागदावर आला नाही, तो वर जाऊन उभा करताना घाम फुटतो. म्हणून माझं मत जिल्ह्याच्या चेंबरला.

रिमांडला आरोपी उभा राहिला की बघायचं ते असं. अटक फॉर्मवरची वेळ, स्टेशन डायरीतली वेळ आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदावरची वेळ या तिन्ही शेजारी ठेवा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं असतं, त्याचा हिशेब नुसत्या अटक फॉर्मवरून करू नका. माणूस सकाळी उचललेला असतो आणि अटक रात्री दाखवलेली असते. मग अटकेची कारणं लेखी दिली का, त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का आणि नातेवाइकांना कळवलं का, ते पाहा. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांनंतर हा मुद्दा धारदार झाला. विहान कुमार (२०२५) मध्ये तर कारणं न कळवलेली अटक बेकायदा, आणि नंतर चार्जशीट आलं तरी ती कायदेशीर होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र निकालात लेखी कारणं रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी देण्याची मर्यादाही घातली आहे.

इथे नवखे हमखास गोंधळतात. "तपासासाठी, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून" हे छापील वाक्य कुठल्याही आरोपीला लागू होतं. पुरकायस्थ निकाल याला अटकेची सर्वसाधारण निमित्तं म्हणतो. "कारणं" म्हणजे या माणसाने काय केल्याचा आरोप आहे, त्याचा तपशील. छापील फॉर्मवर सही दिसली म्हणून मुद्दा सोडून देऊ नका.

दुसरी चूक त्याहून मोठी: हरकत तोंडी घेणं. मॅजिस्ट्रेटपुढे चाळीस रिमांड असतात, तोंडी बोललेलं रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) येईलच असं नाही. साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहा, त्याला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या कागदपत्रांतला नंबर) पडला का ते बघा, त्यावरचा आदेश वाचा आणि त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. हायकोर्टात पहिला प्रश्न येतो तो हाच: खाली हे म्हटलं होतं का?

आणि पक्षकाराला आधीच नीट समजावून ठेवा. अटक बेकायदा ठरली तर माणूस सुटतो, खटला संपत नाही. घरच्यांना वाटतं केस गेली, आणि चार्जशीट आलं की ते तुमच्याकडेच संशयाने बघतात.

साठावा_दिवस:
वरच्याला पुरवणी म्हणून डिफॉल्ट जामीन: गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर हक्काने मिळणारा. वकिलाने नुसती डायरी नीट ठेवली तरी मिळतो आणि नाही ठेवली तर कायमचा जातो, असा हा एकच जामीन. बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १८७(३), जुनं सीआरपीसी १६७(२).

मोजणी: पहिला रिमांड ज्या दिवशी झाला तो दिवस धरायचा. ईडी विरुद्ध कपिल वाधवान (२०२३) मध्ये हे पक्कं झालं. समजा पहिला रिमांड ४ मार्चला झाला. मार्चचे २८, एप्रिलचे ३०, म्हणजे ३० एप्रिलला ५८ झाले. साठावा दिवस २ मे. त्या दिवसअखेर चार्जशीट नसेल तर ३ मे रोजी कोर्ट उघडताच अर्ज हातात पाहिजे. अटकेच्या तारखेपासून मोजलं तर अर्ज एक दिवस आधी पडतो आणि "मुदतपूर्व" म्हणून फेटाळला जातो. मग दुसरा अर्ज लिहीपर्यंत पोलीस चार्जशीट घेऊन हजर.

अर्ज आधी आणि चार्जशीट नंतर, हा क्रम सिद्ध करता आला पाहिजे. एम. रवींद्रन (२०२०) नुसार अर्ज दाखल झाल्यावर आलेल्या चार्जशीटने हक्क जात नाही. म्हणून अर्जावर तारखेसोबत वेळही लिहा आणि पोच घ्या. सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला वेळ मागितला तरी हक्क शाबूत राहतो, पण रोजनाम्यात "अर्जदार युक्तिवादास तयार" हे आलेलं बरं.

यानंतरची ठेच बहुतेकांना माहीत नसते. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार ठरलेल्या मुदतीत उभा केला नाही आणि दरम्यान चार्जशीट आलं, तर हक्क गेला. त्यामुळे पन्नासाव्या दिवसापासूनच जामीनदाराची कागदपत्रं, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) वगैरे तयार ठेवा.

विशेष कायद्यांचं गणित वेगळं. मकोका (संघटित गुन्हेगारी) आणि यूएपीए (बेकायदा कृत्यं, दहशतवाद) यांत सरकारी वकिलांच्या अहवालावर ९० चे १८० होतात. एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थ) व्यापारी प्रमाण असेल तर मुळातच १८०, आणि पुढे एक वर्षापर्यंत. मुदतवाढीच्या अर्जावर आरोपीला हजर ठेवून कळवणं बंधनकारक आहे (जिगर विरुद्ध गुजरात, २०२२). तो अर्ज तुमच्या पाठीमागे मंजूर झाला असेल तर तिथेच आव्हानाचा मुद्दा तयार असतो.

उलटतपासणीस:
रिमांड-जामिनापुरतं बोलून थांबू नका. बचाव म्हणजे शेवटी ट्रायल, आणि ट्रायल म्हणजे उलटतपास. हायकोर्टातल्या चेंबरमध्ये तुम्ही उलटतपास वाचाल, जिल्ह्यात तो होताना बघाल. यात फरक आहे.

एक उदाहरण पूर्ण बघा. साक्षीदार सरतपासात (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांवर) म्हणतो, "आरोपीच्या हातात कोयता होता." पोलिसांपुढच्या जबाबात आहे, "काठी होती." ही विसंगती. ती सिद्ध करायला पायऱ्या आहेत. जबाबातला तेवढाच भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि असं सांगितलं होतं का विचारायचं. तो नाही म्हणाला की त्या भागाला "पोर्शन मार्क ए" पाडून घ्यायचा. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की तो भाग त्याला दाखवून, साक्षीदाराने हे सांगितलं होतं आणि आपण तसंच लिहिलं, हे त्याच्या तोंडून काढायचं. तेव्हा त्याला निशाणी पडते. ही शेवटची पायरी विसरली तर विसंगती सिद्धच होत नाही. तहसीलदार सिंग (१९५९) पासून हा कायदा ठरलेला आहे, तरी दर महिन्याला कुठे ना कुठे ही चूक होतेच.

आता दुसरा प्रकार: जबाबात हत्याराचा उल्लेखच नाही. ही उणीव. इथे वाचून दाखवायला काहीच नसतं. विचारायचं, "कोयत्याबद्दल पोलिसांना सांगितलं होतं का?" ठरलेलं उत्तर येतं: "सांगितलं होतं. त्यांनी तसे का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." इथे थांबा. बसा. नवखा वकील इथे पुढे विचारतो, "मग का लिहिलं नसेल?" आणि साक्षीदार खुलासा देऊन मोकळा होतो. उरलेलं काम तपासी अंमलदाराकडून करून घ्या. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक उणीव विसंगती ठरत नाही. महत्त्वाची असली तरच. शर्टाचा रंग सांगितला नव्हता, यावर अर्धा तास घालवणारे वकील न्यायाधीशांचं लक्ष घालवून बसतात.

पूर्ण जबाब साक्षीदारापुढे वाचून काढणं हाही घात. तुमच्या सोयीच्या एका ओळीसाठी गैरसोयीच्या दहा ओळी कोर्टाच्या कानावर जातात.

निवेदन पंचनाम्याचंही तसंच. आरोपीने "मी त्या कोयत्याने मारलं आणि कोयता विहिरीजवळ लपवला, काढून देतो" असं म्हटल्याचं लिहिलेलं असतं. त्यातलं लपवलेली जागा दाखवण्यापुरतंच पुराव्यात येतं, मारल्याची कबुली येत नाही (जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियम कलम २३ चं परंतुक). पंच बोलत असताना, मजकूर टंकित होण्याआधी हरकत घ्या. नंतर घेतलेली हरकत कबुली आधीच वाचलेल्या न्यायाधीशापुढे असते.

साक्ष मराठीत, टंकलेखन चालू, समोर पडदा. पडद्यावर नजर ठेवा. "मला आठवत नाही" आणि "हे म्हणणे खरे नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत एकाच्या जागी दुसरं उमटतं. साक्षीदार उतरण्याआधी दुरुस्ती मागितली तर मिळते.

बावीस_पाच:
माझं मत थोडं वेगळं. हायकोर्टातलं चेंबर अगदीच कागदी नसतं, विशेषतः स्थानबद्धतेचं काम असेल तर. महाराष्ट्रात फौजदारी आणि घटना जिथे खरोखर एकमेकांत मिसळतात ती जागा म्हणजे १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यं रोखण्यासाठीचा स्थानबद्धतेचा कायदा. खटला नाही, शिक्षा नाही, तरी बारा महिन्यांपर्यंत माणूस आत. आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी काढतात, आव्हान अनुच्छेद २२६ खाली, खंडपीठापुढे क्रिमिनल रिट.

हे सगळं काम तारखांचं असतं. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत द्यायची. सरकारची मान्यता बारा दिवसांत. सल्लागार मंडळाकडे तीन आठवड्यांत पाठवायचं आणि मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत. पहिल्या भेटीतच कोऱ्या कागदावर डावीकडे या मुदती आणि उजवीकडे प्रत्यक्ष तारखा मांडा. निम्म्या याचिकेचा आराखडा तिथेच तयार होतो.

पुढे बघायचं: शेवटचा गुन्हा किंवा गोपनीय जबाब आणि आदेश यांत किती दिवस गेले, आणि आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात त्याचा खुलासा आहे का. जामीन मिळालेला असेल तर जामिनाचा आदेश अधिकाऱ्यापुढे ठेवला होता का. गोपनीय जबाबांची वरिष्ठ अधिकाऱ्याने खातरजमा केली का. दिलेली कागदपत्रं वाचता येतात का, आणि स्थानबद्धाला येणाऱ्या भाषेत आहेत का. सरकारची मान्यता येईपर्यंत खुद्द आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे निवेदन देता येतं, हे स्थानबद्धाला कळवलं होतं का; संतोष शंकर आचार्य (२०००) या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते आवश्यक ठरवलं. आणि गल्लीतली दोघांची मारामारी "सार्वजनिक सुव्यवस्था" बिघडवते का. हा वाद राम मनोहर लोहिया (१९६६) पासून चालत आला आहे.

नवख्यांची चूक: वीस मुद्दे घालतात. दोन भक्कम मुद्दे पहिल्या तीन पानांत आणि तारखांचा तक्ता सोबत, एवढं पुरे. आणि सुनावणीसाठी मेन्शन करत राहा. बारा महिने उलटल्यावर आदेश रद्द झाला तरी त्या माणसाला त्याचा उपयोग काय?

तडीपारी (महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ५५ ते ५७) हे याचंच धाकटं भावंड. त्यात आधी कलम ६० खालचं अपील, मुदत ३० दिवस.

मागचा_बाक:
वरचं सगळं पटतं, पोटापाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पहिली वर्षं सिनिअरकडून मिळणाऱ्यावर घर चालत नाही. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०२२ च्या योजनेत जिल्हा पातळीवर लीगल एड डिफेन्स कौन्सिल (आरोपींना मोफत बचाव देणारी) कार्यालयं निघाली आहेत. असिस्टंट पदाला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो. दरमहा मानधन, कामाला तोटा नाही, पण खासगी प्रॅक्टिस बंद. दोन वर्षं उलटतपासाचा हात बसवायला वाईट नाही. दिल्लीचं एओआर (सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील) वगैरे आत्ता बाजूला ठेवा: चार वर्षं वकिली, मग एक वर्ष एओआरकडे प्रशिक्षण, मग परीक्षा.

जाता जाता: एखाद्या गुन्ह्यावर गाव पेटलं की बार असोसिएशन "कोणी वकीलपत्र घेऊ नये" असा ठराव करते. मोहम्मद रफी (२०१०) निकालाने असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. निकालाची प्रत जवळ असू द्या.

सनद_नवी:
सगळ्यांचे आभार, जिल्ह्याचं चेंबर घेतो आहे. एक शंका. खुनाच्या प्रयत्नात डिफॉल्टसाठी ६० धरायचे की ९०? सिनिअर म्हणतात ९०, एका निकालात ६० वाचले.

साठावा_दिवस:
दोन्ही बरोबर असू शकतं. राकेश कुमार पॉल (२०१७) नुसार ९० दिवस लागतात ते फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला, नाहीतर किमान शिक्षाच दहा वर्षांची असेल तर. "दहा वर्षांपर्यंत" असेल तर ६०. बीएनएस (नवी दंडसंहिता) १०९ मध्ये नुसत्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. म्हणून आधी दुखापतीचा दाखला बघा. गोळी चुकली, कोणाला लागली नाही, आणि दुसरं भारी कलम नाही, तर ६० वर अर्ज टाका.

आणि जुनी-नवी कलमं शेजारी लिहून भिंतीला लावा. सीआरपीसीचं जुनं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते आता ५२८. बीएनएसएसचं नवं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अर्जाच्या शीर्षकात ही गफलत झाली की ऑफिस ऑब्जेक्शन निघतं आणि दोन दिवस तिथेच जातात.