मदत हवी आहे: ग्रंथालयातील सहकाऱ्यांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाची आखणी कशी करावी?

नमस्कार.

मी एका मध्यम आकाराच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आम्ही एकूण सहा जण आहोत: मी, दोन साहाय्यक ग्रंथपाल, देवघेव सांभाळणारे दोन लिपिक आणि पुस्तके जागेवर लावण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे काम पाहणारे एक परिचर. पुढील वर्षाच्या प्रशिक्षणाचा आराखडा व्यवस्थापनाने माझ्याकडे मागितला आहे. तो लिहायला बसले आणि जुनी फाइल उघडली, तेव्हा गेल्या चार वर्षांतील कार्यशाळांची प्रमाणपत्रे त्यात व्यवस्थित लावलेली आढळली. मात्र त्यांतील नेमक्या कोणत्या कार्यशाळेमुळे आमच्या रोजच्या कामात फरक पडला, याचे उत्तर मला एकाच बाबतीत देता आले.

ती बाब परिचरांची आहे. फाटलेल्या पानांना ते पूर्वी सरसकट चिकटपट्टी लावत असत. या पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि पुढे पट्टी गळून पडली तरी डाग राहतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते, परंतु त्याचा उपयोग झाला नव्हता. नंतर दुसऱ्या एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात ते अर्धा दिवस बसले, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून त्यांनी स्वतःच्या हाताने पाच-सहा पाने सांधली, आणि त्यानंतर आमच्याकडची चिकटपट्टी कायमची बंद झाली. त्या अर्ध्या दिवसाचे प्रमाणपत्र फाइलमध्ये नाही, हे ओघाने सांगते.

याउलट तालिकीकरणाची, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या कामाची, स्थिती पाहावी. आमच्या जुन्या नोंदी एएसीआर२ या जुन्या नियमसंहितेनुसार केलेल्या आहेत, तर बाहेरून उतरवून घेतलेल्या नव्या नोंदी तिच्या जागी आलेल्या आरडीए या संहितेनुसार येतात. दोन्ही साहाय्यकांनी आरडीएवरील तीन दिवसांचा ऑनलाइन वर्ग पूर्ण केला आहे. तीनपेक्षा अधिक लेखक असल्यास फक्त पहिल्याचेच नाव देण्याचे बंधन आता राहिलेले नाही, मार्क या संगणकीय नोंदीच्या रचनेत प्रकाशनाचा तपशील २६० ऐवजी २६४ या क्षेत्रात जातो, आणि साहित्याचा प्रकार शीर्षकाशेजारी चौकटी कंसात न लिहिता ३३६, ३३७ व ३३८ या क्षेत्रांत नोंदवला जातो, हे दोघांनाही तोंडपाठ आहे. तरीही प्रत्यक्ष नोंद करताना एक जण जुन्या पद्धतीने लिहितो, दुसरा नव्या, आणि एकाच लेखकाचे नाव आमच्या तालिकेत चार वेगवेगळ्या वर्णलेखनांत सापडते. वाचकाने त्यांतील एक टंकित केले, तर उरलेल्या तीन नावांखालची पुस्तके त्याच्या दृष्टीने ग्रंथालयात नसतातच.

देवघेवीच्या लिपिकांसाठी तर मला योग्य असे काही मिळालेलेच नाही. एखादा वाचक ‘आरोग्याची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारतो आणि त्याला मांडणीचा क्रमांक सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याला घरातील कोणाच्या तरी तपासणी अहवालातील एक शब्द समजून घ्यायचा असतो. वाचकाला नेमके काय हवे आहे हे दोन-तीन प्रश्नांत कसे उलगडावे, याचे शिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमात संदर्भसेवेच्या नावाखाली मिळते, परंतु वाचकासमोर सर्वाधिक वेळ असणाऱ्या लिपिकांपर्यंत ते पोहोचत नाही.

माझ्यासमोरच्या अडचणी तीन आहेत. देवघेव बंद ठेवता येत नाही, त्यामुळे सर्वांना एकत्र बसवणे अवघड आहे. चांगले विनामूल्य साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि लिपिकांना ते वाचता आले तरी सलग तासभर ऐकणे जड जाते. तिसरी अडचण म्हणजे शिकलेले कामात उतरले की नाही, हे उपस्थितीच्या नोंदीखेरीज दुसऱ्या कशाने मोजावे, हे मला ठरवता आलेले नाही. ज्यांनी असा आराखडा प्रत्यक्षात राबवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वेळेच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या अनुभवात बहुतेक आराखडे तिथेच अडतात. ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे इफ्ला, याने सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाविषयी २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत कामाच्या तासांपैकी सुमारे १० टक्के वेळ शिकण्यासाठी उपलब्ध करून द्यावा, असे सुचवले आहे. चाळीस तासांच्या आठवड्यात हे माणशी चार तास होतात आणि तुमच्या सहा जणांचे मिळून चोवीस. हा आकडा व्यवस्थापनापुढे थेट ठेवू नये, असे माझे मत आहे. तो पाहून आराखडाच बाजूला ठेवला जाण्याची शक्यता अधिक. आठवड्यातून माणशी एक तास मागावा आणि तोच पाठ दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावा, म्हणजे तिघे शिकत असताना तिघे काम सांभाळतील.

तालिकीकरणाबाबत आपले निदान मला अर्धेच पटते. साहाय्यकांना नियम येतात. त्यांच्याकडे नाही तो तुमच्या ग्रंथालयाचा लिखित निर्णय. जुन्या नोंदी तशाच ठेवायच्या की हाताशी आल्या की बदलायच्या, लेखकाचे कोणते वर्णलेखन प्राधिकृत धरायचे, हे दोन पानांत लिहून काढल्याशिवाय आणखी दहा वर्गांना पाठवले तरी हीच स्थिती राहील. हे लेखन त्या दोघांकडूनच करून घ्यावे.

दुसरे असे की आपण कोहा किंवा तत्सम ग्रंथालय व्यवस्थापनाची संगणक प्रणाली वापरत असाल, तर माहितीसाठ्याची एक प्रत वेगळ्या संगणकावर सरावासाठी उभी करावी. चूक झाली तरी काही बिघडत नाही याची खात्री असली की माणसे मोकळेपणाने हात चालवतात. मात्र त्या प्रतीतून वाचकांची नावे, पत्ते आणि देवघेवीचा इतिहास आधी काढून टाकावा; घाईत हे हमखास विसरले जाते.

प्रतिसाद २

वरील लिखित निर्णयाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. साहित्याविषयी थोडी भर घालते. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या वेबजंक्शन या संकेतस्थळावर ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी विनामूल्य पाठ व ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आहेत, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही तालिकीकरणाचे आपले प्रशिक्षण साहित्य खुले ठेवले आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना संगणकीय कौशल्ये शिकवणाऱ्या लायब्ररी कार्पेंट्री या उपक्रमाच्या पाठांपैकी ओपनरिफाइन या माहिती नीटनेटकी करण्याच्या साधनाचा पाठ आपल्या साहाय्यकांनी अवश्य करावा. तालिकेतील लेखकांचा स्तंभ बाहेर काढून त्यात घातला, तर सारखी दिसणारी नावे गटागटाने समोर येतात; कोणती एकत्र करायची हे मात्र माणसानेच ठरवावे लागते, कारण नामसाम्य असलेले दोन वेगळे लेखकही त्याच गटात येऊन बसतात. सरावासाठी खोटी उदाहरणे घेण्याची गरज नाही, आपली चार वर्णलेखनेच घ्यावीत.

लिपिकांना तासभराचे इंग्रजी व्याख्यान ऐकवू नये. आपण ते आधी ऐकावे, त्यातील दहा मिनिटांचा भाग निवडावा आणि मराठीत समजावून द्यावा. आम्ही देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवली होती. ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तो वाचकाच्या नावाशिवाय, त्याच्याच शब्दांत लिहायचा, आणि आठवड्याच्या तासाला त्यातील दोन प्रश्न घेऊन एकाने वाचक व दुसऱ्याने लिपिक व्हायचे. सुरुवातीला संकोच वाटतो, परंतु तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जातो. मोजमापाचे म्हणाल, तर ही वहीच पाहावी: पूर्वी अडलेल्या प्रकारचा प्रश्न पुन्हा वहीत उतरतो आहे का, एवढे तपासले तरी पुरते.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लिखित निर्णयाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि त्याची जबाबदारी साहाय्यकांची नसून माझी होती, हेही मान्य करते. सरावाची प्रत व वही या दोन्ही गोष्टी पुढील आठवड्यापासून सुरू करत आहे. आराखड्यात माणशी एक तासच मागेन.

एक उपप्रश्न आहे. परिचरांना आता पाने सांधता येतात आणि ते काम त्यांनी दोन्ही लिपिकांना शिकवावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु आपण शिकवण्याच्या पदावर नाही असे म्हणून ते मागे सरतात. आपल्यापैकी कोणी परिचरांकडून इतरांसाठी पाठ घेतला असल्यास त्यांना कसे तयार केले, हे कृपया लिहावे.