ईएमटीचा डिप्लोमा अर्धवट, त्यात फायरमनची जाहिरात येतेय, काय करू?

कराडकर_पळ्या
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. वय २२, बारावी सायन्स ५८ टक्के. सध्या पुण्यात ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ॲम्ब्युलन्स-कॅज्युअल्टीत पेशंट सांभाळणारा) एक वर्षाचा डिप्लोमा करतोय, सात महिने झाले. आठवड्याला तीन नाईट कॅज्युअल्टीत पोस्टिंग आणि बाकी दिवस लेक्चर. पण मूळ वेड फायर ब्रिगेडचंच आहे, आमच्याकडे उसाच्या फडाला आग लागली की कारखान्याचा बंब यायचा आणि त्याच्यामागे जी पोरं पळत सुटायची ना त्यातला मी एक. भरती अकॅडमीतला एकजण म्हणाला होता की मेडिकलचं काहीतरी केलेलं असलं की फायरमनला आधी घेतात, म्हणून हा डिप्लोमा धरला. आता एका महापालिकेची जाहिरात येणार असं ऐकतोय. पहाटे ग्राउंडला जातो पण नाईट करून गेलो की पायात जीवच नसतो, ८०० मीटर २ मिनिट ५० सेकंदात मारत होतो ते आता ३:१५ वर आलंय, वजन पण उतरलंय. डिप्लोम्याला ८० टक्के अटेंडन्स लागते, फी ७० हजार भरून झालीये आणि पप्पा म्हणतात एक काहीतरी धड धर. डिप्लोमा सोडून पूर्णवेळ भरतीची तयारी करू का?

बंबवाला_तात्या
भावा थांब. सोडू का धरू ते नंतर बघू, आधी हे सांग की अग्निशामकाचा सहा महिन्यांचा कोर्स झालाय का तुझा? सांताक्रूझला राज्याची फायर अकॅडमी आहे तिथला. तुझ्या पोस्टमध्ये त्याचा शब्द पण नाही म्हणून विचारतोय. मुंबई सोडून बहुतेक महापालिका नगरपालिकांच्या जाहिरातीत दहावी पास, हा कोर्स आणि एमएससीआयटी असं मागतात. कोर्स नसेल तर ८०० मीटर दोन मिनिटात मारलंस तरी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरून घरी. दरवेळी असली पोरं बघतो, वर्षभर घाम गाळलेला असतो आणि फाईलमध्ये सर्टिफिकेटच नाही.
मुंबईचं वेगळं आहे, ते स्वतः घेऊन स्वतःच ट्रेनिंग देतात. २०२३ साली दहिसरला ९१० जागांची भरती झाली, तिथे बारावी ५० टक्के मागितली होती, पण उंची पुरुषांना १७२ सेंटिमीटर आणि वरून १९ फुटावरून जंपिंग शीटमध्ये उडी. तुझी उंची किती?

नुसता_वाचक
ईएमटीला भरतीत अर्धा मार्क पण नाही. अकॅडमीवाल्याने गंडवलंय, सोडून दे.

सायरन_ताई
वाचक साहेब इतकं सोपं नसतं हो, ७० हजार कुणाच्या तरी बापाने भरलेत. मी सहा वर्ष कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर आहे. पळ्या, तुला या लाईनचं पण खरं सांगते. लोकांना वाटतं ईएमटी केलं की १०८ वर लागतो. आपल्याकडे १०८ जानेवारी २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक, आणि गाडीत डॉक्टर बसवायचा असं ठरलं, त्यात बीएएमएसवालेच जास्त. बाकी बऱ्याच राज्यात त्या सीटवर ईएमटी असतो. म्हणजे आपल्या पोरांना राहतं काय तर प्रायव्हेट गाड्या, हॉस्पिटलची इमर्जन्सी, नाहीतर एमआयडीसीतल्या कंपन्यांची ओएचसी, म्हणजे कंपनीच्या आतला दवाखाना. पगाराचं विचारू नकोस. पण रिकामा बसणार नाहीस हे नक्की, आणि पाच महिन्यांसाठी हातातलं सर्टिफिकेट घालवणं मला तरी वेडेपणा वाटतो.
अजून एक, तुझ्या पोस्टिंगच्या इन्चार्जला जाऊन सरळ बोल. तीन नाईट सुट्या सुट्या करण्यापेक्षा सलग मागून घे, मग चार दिवस अंगाला एकच घड्याळ मिळतं. आमच्या बॅचला एकजण पोलीस भरतीची तयारी करत होता त्याने सिस्टरना चहा पाजून पाजून असंच जमवलेलं.

बंबवाला_तात्या
वाचक, मार्क नाहीत हे खरं, मी पण तेच सांगणार होतो. पण "सोडून दे" ला माझा विरोध आहे. आमच्याकडे वर्दी, म्हणजे मदतीचा कॉल, दरवेळी आगीचाच नसतो हो. झाडपडी, लिफ्टमध्ये अडकलेले, विहिरीत पडलेली म्हैस, हायवेला केबिनमध्ये चेपलेला ड्रायव्हर. आणि आगीत पण माणूस भाजून जाण्याआधी धुरानेच जातो. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची वर्दी होती, बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा मास्क आणि सिलिंडर) लावून आत गेलो तर बेडरूमच्या दाराशी एक आजोबा, बाहेर जिन्यात आणले तेव्हा श्वास नाही. ॲम्ब्युलन्स खाली बोळात, पार्क केलेल्या गाड्यांच्या मागे अडकलेली. आमच्यातला एक नवीन पोरगा कुणाला न विचारता गुडघ्यावर बसला आणि सीपीआर सुरू, छातीवर तीस दाब मग तोंडाने दोन श्वास, श्वासाला त्याने पॉकेट मास्क काढला जो आम्हाला गाडीत कुठल्या बॉक्समध्ये असतो ते पण माहीत नव्हतं. दोन मिनिटांनी मला म्हणाला तात्या आता तुम्ही, मी थकलो की दाब उथळ जातो, पाच सेंटिमीटर गेला पाहिजे. वीस वर्ष नोकरी झालीये माझी, आणि तो पोरगा मला शिकवत होता. आजोबा नाही वाचले. पण त्यानंतर आमच्या स्टेशनला शिफ्ट बदलताना आधी तो बॉक्स उघडून बघतात.

टेक्सासचा_पेठकर
मूळचा पुण्याचा, आता टेक्सासात. इथे उलटं आहे. फायर डिपार्टमेंटच्या निम्म्याहून जास्त कॉल मेडिकलचे असतात, त्यामुळे बऱ्याच शहरात ईएमटी असल्याशिवाय पोराला कामावर ठेवतच नाहीत, अर्ज करायच्या आधी नाहीतर लागल्यावर ठराविक मुदतीत ते करावंच लागतं. बेसिक ईएमटी मात्र साधारण १५० तासांचं, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये होऊन जातं, तुझ्यासारखं वर्षभर नाही. फिजिकलला बऱ्याच ठिकाणी सीपॅट म्हणून टेस्ट असते, अंगात २२-२३ किलोचं जॅकेट घालून आठ प्रकार १० मिनिट २० सेकंदात, पहिलाच प्रकार जिना आणि त्याला वरून अजून ११ किलो. तुझ्या अकॅडमीवाल्याने बहुतेक इथलेच व्हिडिओ बघितले असणार. इथलं गणित तिकडे लावू नको एवढंच.

कराडकर_पळ्या
तात्या, खरं सांगू का, कोर्सचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं पण वाटलं सिलेक्शन झाल्यावर तेच करून घेतात. उंची १६९, म्हणजे मुंबई गेलीच. एमएससीआयटी दहावीच्या सुट्टीत झालंय. २३ पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण होतील.

बंबवाला_तात्या
मग पाय उचल. कोर्सला उंची १६५ लागते, त्यात बसतोस. पण प्रवेशाला वयाची अट आहे, मी केला तेव्हा २३ च्या आत लागायचं, आणि तारीख कुठली धरतात ते प्रवेशाच्या नोटिशीत असतं. ती नोटीस काढ आणि जन्मतारीख घालून बघ, इथे कुणालाही विचारू नको, मला पण नको. भरती दरवर्षी कुठली ना कुठली निघते रे, वय काय परत येत नाही. डोमिसाईल आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर आत्ताच काढून ठेव, तहसीलला ऐनवेळी सर्व्हर बंद असतो. (कायम बंद असतो, ऐनवेळी जास्त बंद असतो.) यंदाची महापालिकेची जाहिरात विसर.

कराडकर_पळ्या
पप्पांना फोन केला. म्हणाले सात महिन्यांनी अक्कल आली का. पण डिप्लोमा पूर्ण कर म्हणाले. नोटीस शोधतोय. सायरन ताई, उद्या इन्चार्जशी बोलतो नाईटचं.

सायरन_ताई
बोल. आणि नाईटवरून उतरलास की ग्राउंडला जायचं नाही, झोपायचं, संध्याकाळी पळ. आमच्या कॅज्युअल्टीला सकाळी साडेसातला भरतीची पोरंच येतात चक्कर येऊन पडलेली, सलाईन लावता लावता टायमिंग सांगत असतात.

नुसता_वाचक
सकाळचा चहा पण न पिता पळतात ती. मी पण आलोय एकदा ताई तुमच्याकडे बहुतेक.